मांजर अचानक गंभीर आजारी पडल्यास काय करावे आणि लपलेला हृदयविकार कसा ओळखावा

गावात मांजर अचानक दगावले की लोकांच्या मनात कारणे ठरलेली असतात: साप चावला असेल, फवारणीचे औषध पोटात गेले असेल किंवा कोणी विष घातले असेल. विदर्भातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात ही तिन्ही कारणे पुष्कळदा खरीही असतात. परंतु आदल्या दिवसापर्यंत खातपीत असलेले मांजर एकाएकी धापा टाकू लागते किंवा मागचे पाय ओढत किंचाळू लागते, तेव्हा हृदयविकाराची शक्यताही तितक्याच गांभीर्याने विचारात घेतली पाहिजे. परदेशात झालेल्या पाहण्यांत वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांपैकी सुमारे १५ टक्के मांजरांच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला आहे. त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या बाबतीत मात्र पहिले लक्षणच अनेकदा जिवावर बेतणारे असते.

या विकाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड व ताठ होते, त्यामुळे तो कप्पा पुरेसा सैल होऊन भरत नाही, मागे रक्त तुंबते आणि वरचा डावा कप्पा फुगत जातो. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते, कधी दोन्ही घडतात. फुप्फुसांत किंवा छातीच्या पोकळीत पाणी साचते, किंवा फुगलेल्या कप्प्यात रक्ताची गुठळी तयार होऊन ती महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतून, वाहत जाते आणि मागच्या पायांकडे फाटा फुटतो तेथे अडकते. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत याला कारणीभूत असलेले जनुकीय बदल सापडले आहेत. म्हणून हा केवळ महागड्या मांजरांचा रोग आहे असे समजू नये, कारण साध्या गावठी मांजरालाही तो होतो आणि तरुण बोक्यालाही होतो.

तो लपून का राहतो, हे समजणे अवघड नाही. मांजर दिवसाचा बराच वेळ झोपूनच काढते, त्यामुळे दम कमी झाला तरी ते थोडे अधिक झोपते एवढेच आपल्याला दिसते. हृदयविकार झालेला कुत्रा पुष्कळदा खोकतो, मांजर सहसा खोकत नाही. डॉक्टरांच्या नळीलाही हा रोग प्रत्येक वेळी ऐकू येत नाही, कारण कित्येक आजारी हृदयांत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, नसते आणि कित्येक निरोगी हृदयांत ती असते.

झोपेतील श्वास मोजणे

घरच्या घरी, एक रुपयाही खर्च न करता करता येण्याजोगी आणि खरोखर उपयोगाची अशी एकच तपासणी आहे. मांजर गाढ झोपलेले असताना, ते गुरगुरत नसताना, त्याला हात न लावता बरगडीकडे पाहावे. बरगडी वर गेली आणि खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून ३० सेकंद मोजावे आणि आकडा दुप्पट करावा. निरोगी मांजराचा आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी मोजलेला आकडा फसवा असू शकतो. त्या दिवसांत पहाटे मोजावे. आठवड्यातून एकदा मोजून आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवला की आपल्या मांजराचे नेहमीचे प्रमाण कळते. तो वारंवार ३० च्या वर जाऊ लागला तर दोन-चार दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. ४० च्या वर गेला किंवा श्वासाबरोबर पोटही जोराने आत-बाहेर होऊ लागले, तर त्याच दिवशी न्यावे. श्वासाचे मोबाइलवर चित्रण करून ठेवणे फार उपयोगी पडते, कारण दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचा श्वास वेगळाच चालतो.

प्रत्यक्ष संकट ओढवल्यास

तोंड उघडून धापा टाकणारे, मान ताणून आणि कोपरे फाकवून बसलेले, आडवे होण्यास तयार नसलेले मांजर उद्यापर्यंत थांबू शकत नाही. उन्हामुळे लागलेली धाप सावलीत, गार फरशीवर काही मिनिटांत ओसरते. ती ओसरली नाही, तर उष्माघात असो वा हृदय, दोन्ही बाबतींत डॉक्टरांकडेच जावे लागते.

मागचे पाय एकाएकी गेले असतील तर प्रथम हाताने चाचपावे. गुठळी अडकली असल्यास मागचे पंजे पुढच्या पंज्यांपेक्षा स्पष्टपणे गार लागतात, तळव्यांच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात, पोटऱ्या कडक होतात आणि मांजर असह्य वेदनेने ओरडते. मण्यार चावल्यावर येणारा लुळेपणा असा पाय गार करणारा नसतो. तो हळूहळू साऱ्या शरीरभर पसरतो. घोणस चावल्यास सूज आणि रक्तस्राव दिसतो. कीटकनाशक पोटात गेल्यास लाळ गळते, अंग थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसून ओरडत असेल आणि थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता अधिक असते, आणि तेही तितकेच तातडीचे आहे. मांजराला कुत्रा चावल्याचा पूर्वेतिहास असेल आणि रेबीजची लस टोचलेली नसेल, तर त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये. हे फरक डॉक्टरांना नेमके सांगता यावेत यासाठी आहेत. घरी निदान करून उपचार करण्यासाठी नाहीत.

घरात सहज हाताशी असलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. लहानसा तुकडाही जीव घेऊ शकतो. डायक्लोफिनॅक आणि माणसांची इतर वेदनाशामके याच कारणासाठी टाळावीत. गार पडलेल्या पायांना तेल चोळू नये, शेकू नये. त्या पायांना संवेदना नसल्याने भाजलेलेही कळत नाही. धापा टाकणाऱ्या मांजराच्या तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये.

नेताना पोत्यात बांधण्याची आपल्याकडची सवय या वेळी जीवघेणी ठरते. टोमॅटोची दोन प्लास्टिकची कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधली, आत जुने लुगडे अंथरले आणि वरून सुती कापड टाकले, की हवा खेळणारा चांगला पिंजरा तयार होतो. मांजराला त्याला हव्या त्या स्थितीत बसू द्यावे, उताणे करू नये आणि वाटेत वारंवार हाताळू नये.

निघण्यापूर्वी फोन करावा. गावात ज्याला ढोरांचा दवाखाना म्हणतात, तेथील डॉक्टरांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी व शेळ्यांमध्ये जातो, तरीही पहिला आधार तोच असतो. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरील फिरते पथक मुख्यतः पशुधनासाठी असले, तरी विचारून पाहण्यास हरकत नाही. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इकोकार्डिओग्राफी, हीच या रोगाची खात्रीची तपासणी आहे. त्यासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था येथे आधी चौकशी करावी. मात्र श्वास लागलेल्या मांजराला घेऊन थेट दूरचा प्रवास करण्यापेक्षा, जवळच्या डॉक्टरांकडून प्राथमिक उपचार करून घेऊन मगच पुढे निघणे शहाणपणाचे असते.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की हृदयविकाराची शंका आहे. याला कारण आहे. आपल्याकडे निपचित पडलेल्या जनावराला सलाइन लावण्याचा आग्रह मालकच धरतात. पण आजारी हृदयाला शिरेतून गेलेले जादा पाणी झेपत नाही आणि फुप्फुसे आणखी भरतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतरही काही मांजरांचे लपलेले हृदयविकार उघडे पडतात. अशा वेळी गरज असते ती ऑक्सिजनची, अंगातील जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या फ्युरोसेमाइडची आणि छातीत पाणी साचले असल्यास ते सुईने काढण्याची. गुठळीच्या बाबतीत सर्वांत आधी भक्कम वेदनाशमन हवे. दोन्ही पाय गेलेले, अंग गार पडलेले मांजर वाचण्याची शक्यता कमी असते. उपचार केलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्साच दवाखान्यातून घरी परततो. एकच पाय गेला असेल तर आशा बरीच अधिक असते. म्हणून वेदनारहित मरणाचा पर्याय डॉक्टरांनी मांडल्यास त्यांच्यावर रागावू नये, शांतपणे विचार करावा.

वाचलेल्या मांजराला पुन्हा गुठळी होऊ नये यासाठी क्लोपिडोग्रेल देतात. ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग दिवसातून एकदा, असे प्रमाण डॉक्टर बहुधा सांगतात. गोळी अतिशय कडू असल्याने रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून द्यावी. श्वास मोजून आकडा लिहिणे तेव्हापासून रोजचे होते.

आहाराचा प्रश्न वेगळा आहे, पण आपल्या भागात तो टाळता येत नाही. केवळ दूध-पोळी किंवा दूध-भातावर वाढवलेल्या मांजराला टॉरिन हे द्रव्य पुरेसे मिळत नाही आणि त्याचे हृदय जाड होण्याऐवजी पातळ, फुगलेले व दुबळे होते. हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला, आणि वेळेत टॉरिन मिळाले तर हे नुकसान बऱ्याच अंशी भरूनही येते. टॉरिन वनस्पतींत जवळजवळ नसते. ते मांसात, मासळीत आणि विशेषतः कोंबडीच्या काळजात-हृदयात असते, व उकळताना पाण्यात उतरते. त्यामुळे शाकाहारी घराने मांजर पाळायचे ठरवल्यास टॉरिन घातलेले तयार खाद्य आणावे, आणि मांसाहारी घराने कोंबडीचे तुकडे बिनमिठाच्या पाण्यात शिजवून ते पाणीही मांजराच्या ताटलीत ओतावे.