बर्ड फ्लूच्या जनुकांचा माग काढताना या चुका टाळा

नवापूरचं नाव २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूला चिकटलं ते आजही निघालेलं नाही. तिकडे हतनूर धरणावर दर हिवाळ्यात पट्टकादंब (बार-हेडेड गूज) हे स्थलांतरित पक्षी उतरतात. दोन्ही खान्देशातच, त्यामुळे ‘रोग बाहेरच्या पाखरांनी आणला’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच.

खरी चूक इथे, विषाणूंच्या जनुकांवरून त्यांचं नातं दाखवणारा वंशवृक्ष वाचण्यात होते. नवापूरचा बर्ड फ्लूचा विषाणू, एच५एन१, ‘२.२’ या गटात बसला. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब बरेच. तो विषाणूही याच घराण्यातला. पण झाडावर फांद्या शेजारी आल्या म्हणजे नातं जवळचं, एवढंच. विषाणू पंखांवरून आला की पिल्लं, अंड्यांचे ट्रे वाहणाऱ्या गाडीतून, ते झाड सांगत नाही. विषाणूच्या नमुन्याचं नावही वाचा: ‘ए/चिकन/नवापूर’, पुढे क्रमांक आणि साल. म्हणजे नमुना कोंबडीचा. हतनूरच्या पक्ष्यांचे नमुनेच नसताना त्यांच्यावर ठपका कशाच्या जोरावर ठेवायचा?

एकट्या एचए जनुकावर (विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन घडवणाऱ्या) झाड रचून थांबू नका. या विषाणूची जनुकं आठ तुकड्यांत असतात. एकाच पक्ष्यात दोन प्रकार शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, मग एका तुकड्याचं झाड बाकीच्यांचं नातं सांगत नाही.

‘जनुकांचा क्रमच (सिक्वेन्स) निघत नाही’ ही तक्रार मात्र बहुधा पाण्याच्या काठावरच जन्म घेते. नमुना घ्यायची लाकडी दांडीची काडी (स्वॅब) पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, अडथळा करते. प्लास्टिकची दांडी आणि पॉलिस्टरचं टोक घ्या. घसा आणि गुदद्वार, दोन्हीकडचा नमुना हवा. काडी लगेच माध्यमात (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात) बुडवायची आणि बर्फाच्या डब्यात ठेवायची. दुचाकीच्या डिकीत नमुना ठेवून चहाला थांबणारे महाभाग आहेत. मार्चमधल्या भुसावळच्या उन्हात त्यात काय उरणार? घरच्या फ्रीजरचा मोहही नको, गोठण्या-वितळण्यात आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय पदार्थ, तुटतो. दोन दिवसांत पोचणार असेल तर ४ अंश, नाहीतर उणे ८०. सीटी (पीसीआरमधला आकडा, जितका जास्त तितका विषाणूचा अंश कमी) ३५ च्या पुढे असेल तर अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकेल, पण पूर्ण जीनोमची, म्हणजे सगळ्या जनुकांच्या क्रमाची, आशा धरू नका. शिवाय पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू जिवंतच होता, असंही नाही.

मेलेल्या पाखराला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. रानपक्ष्याचा नमुना घ्यायला वन विभागाची परवानगी लागते. जात ओळखता येईल असा फोटो दुरून काढा. नोंदीत नुसतं ‘बदक’ लिहिलं, तर ते गावतळ्यातलं पाळीव होतं की हिवाळी पाहुणं, हे पुढे कुणालाच कळत नाही.