कंपनीच्या लॅबच्या पेपरशी हीट रिलीज जुळवण्याआधी टीडीसी तपासा

एम.ई. किंवा एम.टेक.ला इंजिनाचा विषय घेतला की लवकरच कुणीतरी एखाद्या मोटारकंपनीच्या प्रयोगशाळेचा पेपर हातात देतं आणि सांगतं, "आधी एवढं रिप्रोड्यूस कर." काम सोपं वाटतं. सिलिंडर प्रेशरचा डेटा आहे, सूत्र आहे, कोड सीनिअरकडून मिळतो. हीट रिलीजचा, म्हणजे ज्वलनातून सिलिंडरमध्ये उष्णता कशी सुटत गेली त्याचा, आलेख जुळतो आणि पुढचं सगळं काम त्या जुळलेल्या आलेखावर उभं राहतं. हे लिखाण त्या जुळण्याविषयी आणि टीडीसीविषयी (टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाची क्रँकची जागा) आहे, कारण बहुतेक जण तिथेच फसतात, आणि ते कळतं थिसिस लिहिताना.

कंपन्यांच्या प्रयोगशाळांबद्दल आधी थोडं. त्यांचं प्रकाशित संशोधन म्हणजे जाहिरात, हा गैरसमज सोडून द्या. अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारं स्क्विड हे उपकरण १९६४ मध्ये डिअरबॉर्नच्या फोर्डच्या वैज्ञानिक प्रयोगशाळेत जन्मलं. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकाचा शोध १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या संशोधकांना आणि जपानमध्ये सुमितोमोच्या संशोधकांना स्वतंत्रपणे लागला. नागाकुतेची टोयोटा सेंट्रल आर अँड डी लॅब्ज १९६० पासून काम करते आहे. नायलॉन-६ आणि मातीच्या थरांचं नॅनोकॉम्पोझिट तिथलंच. हे सगळं खणखणीत विज्ञान आहे.

तरीही हे पेपर कापलेले असतात. आत सांगितलेलं सहसा खरं असतं, पण व्यवसायाला महत्त्वाचं ते गाळलेलं असतं. अक्षावर आकडे नसतात, इंजिनाचं नाव "बेस" आणि "स्पेक ए" असतं, इंधनाचा पूर्ण तपशील नसतो. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या डेटनमधल्या प्रयोगशाळेत पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग घातलं की नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके, थांबतात हे सापडलं. ते निरीक्षण अचूक होतं. शिसं विषारी आहे हेही तेव्हा ठाऊक होतं, तरी भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. म्हणून पेपर वाचताना काय मोजलं याच्या बरोबरीने काय मोजलं नाही तेही वहीत लिहा.

आता मूळ मुद्दा. जनरल मोटर्सच्या रॅसवायलर आणि विथ्रो या दोघांनी १९३८ मध्ये इंजिनाला क्वार्ट्झची खिडकी बसवून ज्वालेचं चलच्चित्र घेतलं आणि ते प्रेशरच्या आलेखाशी ताडून पाहिलं. त्यातून निघालेली पद्धत आजही प्रत्येक लॅबमध्ये चालते. एका क्रँक अँगलपासून (क्रँक किती अंश फिरला ते) पुढच्या अँगलपर्यंत प्रेशर जेवढं बदललं, त्यातून केवळ आकारमान बदलल्यामुळे झालेला बदल वजा करायचा. हा बदल पॉलिट्रॉपिक धरतात, म्हणजे प्रेशर गुणिले आकारमानाचा ठरावीक घात स्थिर राहतो असं मानतात; तो घातांक पेट्रोल इंजिनात साधारण १.३ च्या आसपास. उरलेला भाग ज्वलनाचा. तो त्या क्षणाच्या आकारमानाने गुणायचा, क्लिअरन्स व्हॉल्यूमने (पिस्टन टीडीसीला असताना वर उरणाऱ्या आकारमानाने) भागायचा, बेरीज करत जायची आणि शेवटी एकूण बेरजेने भागायचं. मिळतो जळालेल्या मिश्रणाचा अंश, शून्यापासून एकपर्यंत.

शेवटचा भागाकार पुन्हा वाचा. बेरजेने भागलं की आलेख एकवरच संपणार, डेटा बरोबर असो वा चूक. तुमचा टीडीसी एक अंशाने सरकलेला असला तरी एस-आकाराची सुबक रेघ येते, आणि कंपनीच्या पेपरातल्या तशाच भागाकार केलेल्या रेघेवर ती जवळजवळ बसते. जुळणी दिसते, पण तिने फारसं काही सिद्ध होत नाही. त्यात पेपरातला आलेख तुम्ही डिजिटाइझ केलेला असतो. ८० अंश ८ सेंटिमीटरमध्ये छापले असतील, तर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेची जाडीच अर्धा अंश होते.

आयएमईपीमध्ये (एका सायकलीत वायूने पिस्टनवर केलेलं काम भागिले पिस्टनने व्यापलेलं आकारमान, म्हणजे एक सरासरी प्रेशर) मात्र ही चूक माफ होत नाही. टीडीसी एक अंशाने चुकला तर आयएमईपी साधारण दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. प्रेशरचा आलेख खऱ्या जागेपेक्षा उशिरा मांडला गेला, तर कॉम्प्रेशनमध्ये त्याच आकारमानाला प्रेशर कमी दिसतं आणि एक्स्पान्शनमध्ये जास्त. कॉम्प्रेशनला लागलेलं काम कमी मोजलं जातं, एक्स्पान्शनमध्ये मिळालेलं काम जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात, एकमेकींना खोडत नाहीत. म्हणून लक्ष्य ०.१ अंशाचं ठेवा.

इंजिन मोटर करून, म्हणजे इंधन न देता फिरवून, जिथे प्रेशर सर्वांत जास्त तो टीडीसी, हा शॉर्टकट सगळीकडे चालतो आणि तो चुकीचा आहे. भिंतींतून उष्णता जाते, रिंगांतून थोडा वायू निसटतो, त्यामुळे शिखर खऱ्या टीडीसीच्या आधीच येतं. या फरकाला लॉस अँगल म्हणतात. तो साधारण अर्धा ते एक अंश असतो आणि कमी वेगाला वाढतो. शिखरालाच शून्य म्हटलंत तर आलेख तेवढा उशिरा सरकतो आणि आयएमईपी फुगतो. इंजिन आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

फ्लायव्हीलवरच्या खुणेवरही विसंबू नका. डायल गेज लावून पिस्टन सर्वांत वर आलेला शोधणंही पुरेसं नाही, कारण टीडीसीजवळ क्रँक फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. त्याऐवजी वरच्या टोकापासून २ मिमी खाली अशी उंची दोन्ही बाजूंना घ्या, तिथले अँगल नोंदवा आणि मध्यबिंदू काढा. दोन्ही वेळा क्रँक एकाच दिशेने फिरवत त्या जागी या, नाहीतर बेअरिंगांची ढील मोजमापात शिरते. एन्कोडरचं (क्रँकचा अँगल मोजणाऱ्या उपकरणाचं) कपलिंग घट्ट आहे ना, तेही बघा. कपॅसिटिव्ह टीडीसी सेन्सर मिळाला तर उत्तमच. तो स्पार्क प्लग किंवा इंजेक्टरच्या भोकातून बसतो आणि इंजिन फिरत असतानाच टीडीसी सांगतो.

सेन्सर नसला तरी निराश होऊ नका, तपासणी फुकटात होते. मोटरिंगचा डेटा लॉग प्रेशर आणि लॉग आकारमान असा काढा. कॉम्प्रेशनची रेघ वर, एक्स्पान्शनची किंचित खाली, आणि दोन्ही टोकाला टोकदार मिळालेल्या हव्यात. टोकाजवळ त्या एकमेकींना ओलांडून फास तयार करत असतील तर टीडीसी सरकलेला आहे. दुसरी खूण म्हणजे मोटरिंगच्या डेटावरच हीट रिलीज चालवा. उत्तर थोडं ऋण यायला हवं, कारण उष्णता फक्त बाहेर जाते. टीडीसीपाशी धन उंचवटा दिसला तर पुढे जाऊ नका.

पेगिंगचं, म्हणजे प्रेशरचा आलेख निरपेक्ष पातळीला बसवण्याचं, थोडक्यात. पिझो सेन्सर निरपेक्ष प्रेशर देत नाही, फक्त बदल देतो. म्हणून इनटेक स्ट्रोकच्या शेवटी, बीडीसीजवळ (पिस्टन सर्वांत खाली असताना), मॅनिफोल्डच्या निरपेक्ष प्रेशरशी आलेख जुळवा, आणि हे प्रत्येक सायकलला करा. क्लिअरन्स व्हॉल्यूम कॅटलॉगातून घेऊ नका. पिस्टन टीडीसीला ठेवून ब्युरेटने तेल भरून मोजा.

शेवटची परीक्षा सर्वांत प्रामाणिक. रॅसवायलर-विथ्रो बाजूला ठेवा आणि हीट रिलीज ज्यूलमध्ये काढा, बेरजेने न भागता. एका सायकलला १० मिलिग्रॅम पेट्रोल जात असेल, तर किलोला ४३ मेगाज्यूल धरून आत आलेली ऊर्जा ४३० ज्यूल. नेट हीट रिलीज यापेक्षा ठळकपणे कमी यायला हवं, कारण भिंतींत गेलेली उष्णता त्यात नसते. ४३० च्या वर आलं तर काहीतरी नक्की चुकलं आहे. भागाकार केलेल्या आलेखात ही गोष्ट कधीच दिसली नसती.

किमान शंभर सायकली घ्या, हीट रिलीज प्रत्येक सायकलीचं वेगळं काढा, मग सरासरी. आधी प्रेशरची सरासरी केली तर सायकलींमधली तफावत पुसली जाते.

मार्गदर्शकाविषयी स्पष्टच सांगायचं तर तयार कोड देणाऱ्यापेक्षा "टीडीसी कसा ठरवलास?" असं विचारणारा शंभरपट बरा. पहिला तुमचा महिना वाचवतो, दुसरा तुमची पदवी.

कंपनीच्या पेपरात गाळलेलं शोधायचं असेल तर त्याच संशोधकांच्या नावावरचं पेटंट बघा, ते मोफत वाचता येतं. पेपरात "योग्य तापमान" असतं, तिथे पेटंटच्या उदाहरणांत अनेकदा प्रत्यक्ष आकडे असतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या पेपरचा क्रमांकही वाचायला शिका. मधले दोन आकडे कार्यक्रम सांगतात, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या सिआट परिषदेचे पेपर २६ ने ओळखू येतात. भारतीय इंधन, भारतीय हवा, दुचाकींची छोटी इंजिनं यांचा डेटा तिथे मिळण्याची शक्यता जास्त, आणि तुमच्या टेस्ट बेडवरचं इंजिन बहुधा त्याच जातीचं असतं.

लेखकांना ई-मेल जरूर करा. कच्चा डेटा मागू नका, तो मिळणार नाही. एवढंच विचारा: टीडीसी कोणत्या पद्धतीने ठरवला, लॉस अँगल किती धरला, पेगिंग कुठे केलं आणि सायकली किती घेतल्या. यात कंपनीचं गुपित काहीच नसतं, त्यामुळे उत्तर येण्याची शक्यता चांगली असते. याच चार गोष्टी तुमच्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात, आलेखांच्या आधी, आकड्यांसह लिहा.