खताचा हिशोब गुंठ्यात करा, पोत्यात नको

भाताला एकरी किती पोती टाकायची, हे दुकानदाराला विचारणं आधी बंद करा. त्याच्याकडं जे शिल्लक असतं तेच तुमच्या पिकाला चांगलं असतं. माती तपासून घ्या, शेणखत चिखलणीच्या आधी पसरा, एवढं सगळ्यांना माहीत असतंय. घोडं अडतं ते पुढच्या हिशोबात, माझंही तिथंच अडलं होतं.

शिफारस हेक्टरी असते, आपण बोलतो गुंठ्यात. पण सातबारा बघा, त्यावर आर असतात आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. शंभर आरांचा एक हेक्टर, मग हेक्टरी आकड्याला १०० नं भागलं की झाला गुंठ्याचा आकडा. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅशियम) धरतात, म्हणजे गुंठ्याला १ किलो नत्र आणि बाकी दोन्ही अर्धा अर्धा किलो. माझं रान ३० गुंठे, मला लागतं ३०, १५, १५. तुमच्या माती परीक्षणात वेगळं आलं तर तेच धरा.

आता लक्ष देऊन वाचा. ३० किलो नत्र म्हणजे ३० किलो युरिया नव्हे!! युरियात नत्र ४६ टक्केच असतंय. आणि डीएपी खत म्हणजे १८:४६, १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, त्यात स्फुरदाबरोबर नत्रही येतं, ते वजा करायचं असतं. मी केलं नव्हतं. १५ किलो स्फुरदासाठी ३३ किलो डीएपी टाकला आणि वर नत्राचा ३० चा आकडा पुरा करायला ६५ किलो युरिया वेगळा, शिवाय शेजारचं रान जरा जास्त हिरवं दिसलं म्हणून आणखी दोन घमेली. काय भात आलं होतं, काळंभोर, येणारा जाणारा थांबून बघायचा. परतीच्या पावसात सगळं लोळलं, लोंब्या चिखलात, कापायला माणसं दुप्पट लागली आणि निम्मं पळिंज, नुसती पोकळ टरफलं. घरात आठ दिवस कोण बोललं नाही माझ्याशी.

बरोबर हिशोब असा: ३३ किलो डीएपीतून ६ किलो नत्र आलं, राहिलं २४, त्याला युरिया ५२ किलो. पालाशसाठी ६० टक्केवालं पोटॅश २५ किलो. किंवा सरळ ५८ किलो १०:२६:२६ हे मिश्रखत घ्या (आकडे नत्र, स्फुरद, पालाश याच क्रमानं टक्क्यात), स्फुरद पालाश दोन्ही भागतात, नत्र तेवढंच ६ येतं, युरिया तोच ५२. मी हल्ली हेच करतो, मिसळायची कटकट नाही.

डीएपी, पोटॅश किंवा १०:२६:२६ जे असेल ते रोप लावायच्या आधी शेवटच्या चिखलणीला मातीत जाऊ दे. स्फुरद जागचं हलत नाही, वरून फेकून मुळाला पोचत नाही, त्यात आपल्या कोल्हापुरातल्या राधानगरी, शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीत ते लगेच अडकून बसतं. त्याच्याबरोबर १३ किलो युरिया. महिन्याभरानं फुटवे जोरात असताना २६ किलो, आणि लोंबी पोटात धरायला लागली की उरलेला १३.

युरिया भांगलण झाल्यावरच. नाहीतर तणच आधी खातंय. बांधाची खांड फोडून पाणी उतरवा, फेका, एक-दोन दिवसांनी परत पाणी कोंडा. पानावर दव असताना फेकू नका, पान करपतं. आणि आमच्याकडं जुलैत आभाळ फाटतं तेव्हा तर अजिबात नको, खत सरळ ओढ्याला. चार दिवस उशीर झाला तरी चालतंय.

घनसाळसारखी उंच जात असेल तर नत्राचा हात आखडता घ्या, ती मुळातच लोळते.

बांधावर आंबा, चिकू असेल तर खत बुंध्यात ओतू नका. दुपारी सावली पडते तिच्या कडेला चर काढा आणि त्यात टाका.

५२ किलो म्हणजे ४५ किलोचं एक पोतं आणि दुसऱ्यातला ७ किलो. उरलेल्या पोत्याचं तोंड घट्ट बांधून फळीवर ठेवा, ओल धरली की दगड होतो. आणि फोडलंयच तर टाकून मोकळं होऊया म्हणून रानात नेऊ नका, माझी ती दोन घमेली तशीच गेली होती.