जुन्या ड्रॅग कारला इग्निशन कोणतं बसवावं

जुन्या व्ही-८ ड्रॅग कारचं (सरळ पट्टीवर थोड्या अंतराची शर्यत मारणाऱ्या गाडीचं) इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, बदलायचं म्हटलं की बहुतेक जण कॅटलॉग उघडून ठिणगीचे व्होल्ट वाचायला लागतात. मी आधी तीन गोष्टी विचारतो. इंजिन किती आरपीएमपर्यंत नेता, सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो (कॉम्प्रेशन किती, सुपरचार्जर आहे का, इंधन कोणतं), आणि गाडीवर अल्टरनेटर आहे का? ही उत्तरं मिळाली की निम्मी यादी आपोआप गळते. उरलेल्या निम्म्यातून निवडताना माझी कसोटी एकच असते: ठिणगी दर वेळी क्रँकच्या त्याच अंशाला पडते का, आणि बिघडलं तर रांगेत उभ्या उभ्या सापडेल का.

आधी आकडे पाहू. चार-स्ट्रोक व्ही-८ इंजिनला 7000 आरपीएमला सेकंदाला सुमारे 467 ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम 2.1 मिलिसेकंद मिळतात. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणारा भाग, आणि सीबी पॉइंट म्हणजे त्यातला कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच. पॉइंट बंद, म्हणजे जुळलेले, असतात तेवढाच वेळ कॉइल भरते. डिस्ट्रिब्युटरच्या फेरीत एका सिलिंडरच्या वाट्याला येणाऱ्या 45 अंशांपैकी साधारण 30 अंश बंद धरले, तर कॉइलच्या वाट्याला दीड मिलिसेकंदसुद्धा येत नाही. जुन्या पद्धतीची कॉइल नीट भरायला याच्या दुप्पट वेळही कमीच पडतो. म्हणून वर ठिणगी अशक्त होते आणि गाडी शेवटच्या टप्प्यात मिसिंग मारते. त्यात पॉइंटची स्प्रिंग कमकुवत असली की पॉइंट कॅमवरून उडायला लागतात. मग लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात.

तरी पॉइंट टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. सहा हजारांच्या आत राहणारी, साध्या कॉम्प्रेशनची, जशी होती तशीच ठेवायची गाडी असेल तर चांगल्या स्प्रिंगचे डबल पॉइंट व्यवस्थित चालतात. दोन पॉइंट पाळीपाळीने काम करत असल्याने कॉइलला भरायला थोडा जास्त वेळ मिळतो. फिलर गेज, एक कंडेन्सर आणि बारीक पॉलिश पेपर एवढ्यावर दुरुस्ती उरकते. फक्त पॉइंटवर 0.7 ओहमची रेसिंग कॉइल लावू नका. पॉइंटना चार-पाच अँपिअरच्या वर करंट सोसत नाही, ते जळून काळे पडतात. पॉइंटला दीड ओहमच्या आसपासची कॉइल आणि तिच्यासोबत करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर हीच जोडी ठेवा.

पुढची पायरी कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची. क्रायस्लरने 1973 पर्यंत आपल्या सगळ्या गाड्यांना ते दिलं, जनरल मोटर्सचं एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) 1975 पासून सरसकट आलं. एचईआयची ठिणगी लांब टिकते, कॉइल कॅपमध्येच असते, वायरिंग एका वायरचं. रस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून स्ट्रिपवर जाणाऱ्या गाडीला मी डोळे झाकून तेच सांगतो. मात्र कॉइल चालू-बंद करणारं मूळ चार पिनांचं मॉड्यूल पाच हजारांच्या पुढे दम सोडतं, आणि मॉड्यूल तापलं की काही न सांगता बंद पडतं. त्याच्या तळाशी उष्णता वाहून नेणारा लेप लागतो. मॉड्यूल बदलताना तो न लावता स्क्रू आवळणारे खूप पाहिलेत.

खऱ्या ड्रॅग कारसाठी माझी पसंती सीडीआय, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज पेटी. एमएसडी कंपनीची 6 सिरीज हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. पेटी आतल्या कपॅसिटरमध्ये साधारण 450 ते 500 व्होल्ट साठवते आणि वेळ आली की एका झटक्यात कॉइलवर सोडते. कॉइल भरायची वाट बघावी लागत नसल्याने आरपीएम वाढला तरी ठिणगी तेवढीच राहते. ठिणगी झटकन चढते, त्यामुळे रांगेत घुटमळून प्लग ओले झालेले असले तरी सहसा पेटते. खालच्या आरपीएमला, साधारण 3000 पर्यंत, पेटी एकाच फेरीत लागोपाठ ठिणग्या देते. त्याच्या वर एकच. तेव्हा 'मल्टिपल स्पार्क'मुळे शेवटच्या टोकाला ताकद वाढते या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, त्याचा उपयोग सेल्फ मारताना आणि आयडलला.

सीडीआय घेतलीत तर वायरिंगची शिस्त पाळावीच लागते. जाड लाल आणि जाड काळी वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या. वाटेत स्विच नको आणि बॅलास्टही नको, स्विचची बारीक लाल वायर वेगळी असते. प्लगच्या वायरी स्पायरल कोअरच्या (आत वेटोळी तार असलेल्या) हव्यात. मॅग्नेटोसोबत (चुंबकावर स्वतःच वीज तयार करणाऱ्या इग्निशनसोबत) येणाऱ्या जुन्या तांब्याच्या वायरी सीडीआयला लावल्या की त्यांचा इलेक्ट्रिक गोंगाट पेटीला वेडं करतो. इंजिन, चेसिस आणि बॅटरी यांच्यात पट्टीचं अर्थिंग द्या. फायबरग्लासच्या बॉडीला अर्थ नसतो ही साधी गोष्ट विसरली जाते. आणि पेटी एक्झॉस्टपासून लांब, रबरी बुशांवर बसवा. तेल भरलेली जुनी कॉइल कंपनात टिकत नाही, त्यापेक्षा इपॉक्सी भरलेली घ्या.

अल्टरनेटर काढून टाकलेली गाडी असेल तर हिशोब बदलतो. या पेट्या साधारण दर हजार आरपीएमला एक अँपिअर खातात. त्याशिवाय इलेक्ट्रिक फ्युएल पंप, पाण्याचा पंप आणि पंखा. सकाळी 12.6 व्होल्ट असलेली बॅटरी तिसऱ्या-चौथ्या फेरीला किती राहते ते मीटर लावून बघा. म्हणूनच अनेक जण 16 व्होल्टची बॅटरी वापरतात. पेटी ते सोसते की नाही हे आधी तपासा. एमएसडीची 6 सिरीज 18 व्होल्टपर्यंत सोसते.

मॅग्नेटोचं आकर्षण मला कळतं. व्हर्टेक्सचा मॅग्नेटो वर चमकत असला की जुन्या फ्रंट-इंजिन ड्रॅगस्टरला शोभा येते. बॅटरीची गरज नाही आणि आरपीएम वाढेल तशी ठिणगी जोर धरते. सुपरचार्जर आणि अल्कोहोल किंवा नायट्रो (नायट्रोमिथेन) इंधन असेल तर तो हवाच. पण कार्ब्युरेटर आणि पेट्रोलच्या गाडीला केवळ दिसण्यासाठी लावायचा असेल तर विचार करा: सेल्फच्या वेगाला ठिणगी अशक्त, किंमत जास्त, आणि तो फिरवणाऱ्या गिअरवर भारही जास्त. त्याची बंद करण्याची पद्धतही उलटी आहे. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची किल वायर अर्थला टेकवायची. त्या वायरवर चुकून 12 व्होल्ट दिले तर चुंबक मेलाच समजा. बॅटरीचा मास्टर स्विच पाडून मॅग्नेटो थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. बॅटरी मागे हलवलेली असेल तर एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे मागचा कट-ऑफ स्विच पाडल्यावर इग्निशनसकट सगळी वीज बंद व्हायला हवी. अल्टरनेटर असलेल्या गाडीतही हा घोळ होतो: बॅटरी तुटते, पण इंजिन अल्टरनेटरच्या विजेवर चालूच राहतं. वायरिंग झाल्यावर आयडलला स्विच पाडून बघा.

आता ज्यावर सगळ्यात कमी पैसे खर्च होतात आणि ज्यात सगळ्यात जास्त गाड्या अडकतात ते: डिस्ट्रिब्युटर. 7000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 42,000 अंश फिरतो. बुशात प्ले (ढिलेपणा) असलेल्या डिस्ट्रिब्युटरवर कितीही भारी पेटी लावा, ठिणगी दोन-तीन अंश मागेपुढे उड्या मारणारच. कॅप काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. हाताला हलणं जाणवलं तर बुश गेले. वर-खाली प्ले शिम टाकून कमी करता येतो. डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचं कॅमशी जमतंय का तेही बघा. साध्या ओतीव कॅमला ओतीव लोखंडाचा गिअर चालतो. पोलादातून कोरलेल्या बिलेट रोलर कॅमला ब्राँझ लागतो, आणि ब्राँझ झिजतो, तेव्हा तो दर हंगामात काढून दात बघायचेच. अॅडव्हान्स म्हणजे ठिणगी किती अंश आधी पाडायची ते. व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा ड्रॅगमध्ये उपयोग नाही, फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम उरतच नाही. मेकॅनिकल अॅडव्हान्स लॉक केला तर आधी इंजिन फिरवून मग इग्निशन चालू करायचा वेगळा स्विच ठेवा, नाहीतर 36 अंशांवर सेल्फ अडकतो.

टायमिंगची चेन सैल झाली आणि कॅम पिळवटला की डिस्ट्रिब्युटर कितीही चांगला असला तरी डगमगतोच. तिथे क्रँक ट्रिगर कामी येतो: क्रँकच्या पुढच्या टोकाला चार चुंबकांची चकती आणि समोर ते चुंबक ओळखणारा पिकअप. पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्या की टायमिंग सरकतं आणि स्थिर राहत नाही, तेव्हा पहिल्यांदा तेच तपासा. डिस्ट्रिब्युटर मग फक्त वाटप करतो.

या वाटपातच रोटर फेजिंगचा प्रश्न येतो. ठिणगी पडते तेव्हा रोटरचं (डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या हाताचं) टोक कॅपच्या टर्मिनलसमोर असायला हवं. एक जुनी कॅप घ्या, पहिल्या नंबरच्या टर्मिनलशेजारी भोक पाडा, टायमिंग लाइट पहिल्या वायरीला लावून इंजिन चालवा आणि भोकातून बघा. टोक बाजूला दिसलं तर ठिणगी लांब उडी मारतेय, कधीकधी शेजारच्या टर्मिनलवरही. क्रँक ट्रिगर असेल तर पिकअप सरकवून टायमिंग बदललंत की रोटरची जागा बदलत नाही, म्हणून फेजिंग पुन्हा बघावंच लागतं. टायमिंगही आयडलला न बघता चार हजारांच्या वर बघा. काही पेट्यांमध्ये वर गेल्यावर अंशभर उशीर होतो.

शेवरोलेच्या जुन्या व्ही-८ ला एक खास काळजी. फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. पाच आणि सात हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून गेल्या तर पाचच्या ठिणगीने सातमध्ये अवेळी ठिणगी उमटते आणि पिस्टनला ते महागात पडतं. या दोन वायरी सेपरेटरने लांब ठेवा.

प्लगचा गॅप दाबावर ठरतो. दाब वाढेल तसं ठिणगीला उडी मारायला जड जातं. सुपरचार्जर नसेल तर सीडीआयवर मी 0.035 इंचापासून सुरू करतो, सुपरचार्जर असेल तर 0.020 ते 0.025. ठिणगी विझत असल्याची शंका आली तर नवी पेटी घेण्याआधी गॅप पाच हजारांशाने कमी करून एक फेरी मारा.

सुटी (स्पेअर) पेटी बाळगायची असेल तर ती पहिलीच्या शेजारीच बसवा, कनेक्टर दोन्हींना सारखे ठेवा आणि वायरींना रंगीत टेप लावा. मग एखाद्या टेस्टच्या दिवशी सगळ्या फेऱ्या त्या सुट्या पेटीवरच मारा.