नैराश्यावरील गोळी सुरू झालेल्या मुलाकडे घरच्यांनी कसे लक्ष ठेवावे

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या गावातून मुलाला घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे पूर्ण दिवस आणि एका माणसाची मजुरी जाते. त्यामुळे गोळ्या हाती पडल्या की आपले काम झाले, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण या उपचारातला घरच्यांचा वाटा त्याच दिवसापासून सुरू होतो. फ्लुओक्झेटिन, एस्सिटालोप्राम, सरट्रालिन यांसारख्या गोळ्यांनी उदासी कमी व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. काही मुलांमध्ये त्यामुळे होणारी बेचैनी मात्र पहिल्या काही दिवसांतच दिसू लागते. गुण यायचा आहे आणि त्रास सुरू झाला आहे, अशा या मधल्या काळात मुलाला सर्वाधिक जपावे लागते. मात्रा वाढवल्यावर किंवा कमी केल्यावरही हीच काळजी घ्यावी.

अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने 2004 मध्ये मुलांवर झालेल्या 24 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत सुमारे 4,400 मुले होती. आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन खऱ्या गोळीवरच्या मुलांपैकी सुमारे 4 टक्क्यांत आढळले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण 2 टक्के होते. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नाही. तरीही या औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. हे आकडे वाचून गोळी नाकारू नये. उपचार न झालेले नैराश्य स्वतःच जिवावर बेतते, आणि अनेक मुले या औषधांनी खरोखर बरी होतात.

गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारताही सांगाव्यात. घराण्यात कोणाला उन्मादाचा (अतिउत्साह, झोप न लागणे, बेभान वागणे) किंवा बायपोलर (उन्माद आणि उदासी आलटूनपालटून येणारा) आजार झाला असेल, मामा-काका कोणी वर्षानुवर्षे त्यावरचे लिथियम हे औषध घेत असेल, तर ते लपवू नये; अशा मुलांमध्ये या गोळीने उन्माद उफाळण्याची शक्यता अधिक असते. दुसरे म्हणजे मूल आणखी कोणती औषधे घेते ते सांगावे. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधे या गोळ्यांसोबत घातक ठरू शकतात.

नोंद ठेवायला वेगळी वही लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या तारखेच्या चौकोनात रात्रीच्या झोपेचे तास, जेवण आणि चिडचिड एवढे लिहिले तरी पुरते. गोळी सुरू होण्याआधीचे चार-पाच दिवसही लिहून ठेवावेत, म्हणजे आधीपासूनचे काय आणि नवे काय हे डॉक्टरांना कळते.

बेचैनी ओळखायला सोपी असते. मूल ताटावरून दोनदा उठते, अंगणात येरझाऱ्या घालते, बसले तरी पाय हलवत राहते आणि विचारले तर ‘मले आतून कसंतरीच होऊन राह्यलं’ एवढेच सांगते. या अवस्थेला हट्ट समजून रागावू नये. ती असह्य असते आणि तिच्यातूनच काही मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

उन्मादाच्या बाबतीत घरचे सहज फसतात. महिनोन्‌महिने गप्प असलेली मुलगी अचानक भरभर बोलू लागते, हसते, मोठमोठे बेत सांगते आणि घर आनंदून जाते. खरी सुधारणा हळूहळू येते. आधी झोप लागते, मग भूक, मग मैत्रिणी. दोन-तीन तास झोपूनही मूल थकत नसेल, पैसे उधळत असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर ती सुधारणा नव्हे. बाहेरची बाधा समजून भगताकडे नेण्यात जाणारे दिवस फार महाग पडतात. याउलट काही आठवड्यांनी मूल ना रडते ना हसते असे झाले, तर धावपळ न करता पुढच्या भेटीत सांगितले तरी चालते.

‘जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?’ हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. आजी असो वा मावशी, मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याने एकांतात विचारावे.

आपल्या भागात सर्वांत मोठा धोका घरातच असतो. खरिपात कपाशीच्या फवारणीचे डबे कोठीमागे किंवा पलंगाखाली ठेवलेले असतात. ते कुलूपबंद पेटीत ठेवावेत, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे असावी आणि उरलेले फवारणीचे औषध बाटलीत ओतून ठेवू नये. मनात आलेला विचार पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. त्या वेळात विष हाताशी नसणे, यावर सारे अवलंबून असते. मुलाच्या गोळ्याही मोठ्यांनीच सांभाळून रोज एकच हातात द्यावी. मूल आश्रमशाळेत असेल तर अधीक्षकांना विश्वासात घ्यावे.

मुलाने जिवाचे काही करून घेण्याचे बोलून दाखवले, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीत मोफत बोलता येते. विष घेतले असेल तर 108 ला फोन करावा आणि डबा सोबत न्यावा. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नये. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच 2017 चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो.

गोळी आपल्या मनाने बंद करू नये. एकदम थांबवल्यास चक्कर, रडू, चिडचिड आणि झोपमोड होते. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हा त्रास जास्त, शरीरात आठवडे टिकणाऱ्या फ्लुओक्झेटिनमध्ये कमी असतो. त्रास तीव्र असेल तर पुढची गोळी द्यावी की नाही, हे फोनवर डॉक्टरांनाच विचारावे. पेरणीच्या धांदलीत तालुक्याला जाणे राहून जाते आणि पाकीट संपते, म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या भेटीची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.