जुनी लिव्हर रायफल ओळखताना नळीवरच्या सनावर भिस्त ठेवू नका

जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल, म्हणजे चापाजवळची लिव्हर खाली-वर करून काडतूस आत घेणारी रायफल, हाती आली की बहुतेकांची नजर आधी नळीवर कोरलेल्या सनाकडे जाते, आणि ओळख पटवण्यातली सर्वांत मोठी चूक तेथेच होते. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या १८७३ च्या मॉडेलवर न्यू हेवन या तिच्या कारखान्याच्या गावाच्या पत्त्याखाली २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६० अशा दोन तारखा आढळतात. पहिली तारीख काडतुसे बाजूच्या झडपेतून भरण्याच्या किंग यांच्या सुधारणेची आणि दुसरी हेन्री यांच्या मूळ रायफलची आहे. या दोन्ही पेटंटच्या तारखा असल्यामुळे विसाव्या शतकात कारखान्यातून बाहेर पडलेल्या नगांवरही त्या तशाच राहिल्या. साहजिकच अमेरिकन यादवी युद्धातली म्हणून अभिमानाने दाखवली जाणारी रायफल ते युद्ध संपल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी घडवलेली असू शकते. १८९२ च्या मॉडेलवर तर मॉडेलपेक्षा आठ वर्षे जुनी, म्हणजे १४ ऑक्टोबर १८८४ ही तारीख असते, कारण ते रचनाकार ब्राउनिंग यांच्या १८८६ च्या भक्कम रायफलचेच लहान रूप आहे. मॉडेलच्या नावातला सनही त्या नगाचा जन्मसन नव्हे. तो केवळ त्या रचनेचा असतो.

रायफल निरखण्यापूर्वी ती रिकामी आहे याची खात्री करावी, हे सांगायला नको, परंतु येथे एक विशेष धोका आहे. नळीखालच्या काडतुसे साठवणाऱ्या नळकांड्यात अडकून राहिलेले काडतूस बाहेरून दिसत नाही, म्हणून लिव्हर अनेकदा पूर्ण खाली-वर करून नळीची मागची पोकळी आणि नळकांड्याचे तोंड प्रत्यक्ष पाहावे. चाप दाबून पाहणे ही खात्री नव्हे.

माझ्या मते अक्षरे सर्वांत शेवटी वाचावीत आणि यंत्रणा आधी पाहावी, कारण शिक्का झिजतो, खोटा मारता येतो किंवा झाकलाही जातो. रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या सांगाड्याच्या, मागच्या पट्टीवर, म्हणजे टँगवर, नंतर बसवलेल्या नेमदर्शकाखाली मॉडेलचे नाव कित्येकदा दडलेले असते. १८९२ आणि १८९४ ही मॉडेले नवख्याला जुळ्या बहिणींसारखी वाटतात, पण लिव्हर उघडली की १८९४ मध्ये रिसीव्हरचा तळच खाली झुकतो, तर १८९२ मध्ये तो जागीच राहतो आणि बोल्टच्या, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या, दोन्ही बाजूंना उभे अडसर वरून दिसतात. १८७३ ची खूण म्हणजे दोन्ही बाजूंना काढता येणाऱ्या पट्ट्या, वर सरकते झाकण आणि काडतूस सरळ वर उचलणारा ठोकळा. पिवळ्या धातूचा रिसीव्हर दिसला की लोक लगेच १८६६ चे नाव घेतात, मात्र इटलीत आजही तशा हुबेहूब प्रतिकृती बनतात. त्यांच्यावर चाचणीगृहाचे शिक्के असतात आणि १९७५ पासूनच्या नगांवर वर्ष सांगणारी दोन अक्षरेही चौकटीत असतात. स्पेनमधील एइबार येथे घडवलेल्या ‘एल तिग्रे’ रायफलही १८९२ च्या नकलाच आहेत.

‘न्यू हेवन’ हे शब्द दिसताच विंचेस्टर असा निष्कर्ष काढणे हीदेखील नेहमीची चूक आहे, कारण मार्लिन कंपनीचा कारखाना त्याच गावात होता. १८८९ च्या मॉडेलपासून मार्लिनने रिसीव्हरचे माथे बंद ठेवले आणि रिकामी पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडू लागली. त्या काळातल्या विंचेस्टरमध्ये ती वरून उडते. एवढ्या एका फरकाने निम्मे वाद मिटतात. घोडा दिसतच नसेल आणि आत फिरते मॅगझिन असेल, तर ती सॅव्हेज कंपनीची १८९९ असण्याची शक्यता मोठी.

काडतुसाच्या खुणेत मात्र चूक जिवावर बेतू शकते. ‘.३२ डब्ल्यू.सी.एफ.’ (विंचेस्टर सेंटर फायर) हे छोटे काडतूस आहे, तर ‘.३२ डब्ल्यू.एस.’ (विंचेस्टर स्पेशल) हे १८९४ च्या मॉडेलसाठी काढलेले निर्धूर दारूचे कितीतरी जोरकस काडतूस आहे. ‘.३२-४०’ हे तिसरेच आहे. आकडा जुळला म्हणून काडतूस जुळले असे समजू नये. सुरुवातीच्या १८७३ वर काडतुसाची खूणच नसते, कारण तेव्हा ती एकाच, .४४ च्या काडतुसासाठी बनत असे. .४४ म्हणताच हेन्रीचे कडेवर ठोका घेणारे जुने काडतूस डोळ्यांपुढे येते. १८७३ चे काडतूस मात्र मध्यभागी ठोका घेते.

नळीची लांबी बाहेरून रिसीव्हरपर्यंत मोजली, तर ती कमी भरते आणि नळी कापल्याचा उगाच संशय येतो. बोल्ट बंद करून तोंडातून आत काठी सरकवावी आणि ती जिथे टेकेल तिथपर्यंतचे अंतर मोजावे.

वयाचा निर्णय अखेर अनुक्रमांकावर ठरतो, परंतु दस्त्याच्या लाकडावर किंवा लाकडाखाली सापडणारे छोटे आकडे कारखान्यात भाग जोडतानाच्या जुळणीचे असतात. अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेल्या रायफलला संघीय कायद्यात पुरातन वस्तूचा दर्जा असल्यामुळे तेथे एका वर्षाचा फरकही महत्त्वाचा ठरतो. भारतातील वाचकांनी मात्र ही सवलत येथे गृहीत धरू नये. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. छापील तक्ते आणि कारखान्याच्या मूळ नोंदी नेहमी जुळतात असे नाही, म्हणून अमेरिकेतील वायोमिंगमधल्या कोडी येथील, या नोंदी जतन करणाऱ्या संग्रहालयाकडून त्या क्रमांकाच्या नोंदीचे पत्र मागवणे श्रेयस्कर. त्यासाठी आकडे शाबूत असावे लागतात. पुसट शिक्का वाचण्यासाठी सँडपेपर किंवा तारेचा ब्रश फिरवणाऱ्याच्या हाती चकाकते लोखंड उरते, आणि नोंदवहीत शोधण्याजोगा क्रमांक उरत नाही. अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकला की तोच शिक्का बहुधा सहज उमटून दिसतो.