हजार रुपयांच्या आत, घरच्या घरी: गाडीचे पुढचे शॉकअप कसे सुधारावेत

पेव्हर ब्लॉक संपून डांबर सुरू होतं त्या कडेवर पुढचं चाक आदळलं की झटका मनगटातून थेट खांद्यात जातो. मुंबईत हे रोजचंच, म्हणून आपण खापर रस्त्यावर फोडतो आणि पुढे जातो. रस्त्याचा दोष आहेच. पण त्या झटक्यातला बराच वाटा शॉकअपमधल्या घर्षणाचा आणि थकलेल्या तेलाचा असतो, आणि तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी कमी करता येतो. मी रोज भांडुपहून अंधेरीला जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) जातो, गाडी १५० सीसीची आणि बारा वर्षं जुनी. खाली लिहिलेलं सगळं त्याच गाडीवर केलेलं आहे.

हे साध्या शॉकअपसाठी आहे, म्हणजे वर चकचकीत पाइप आणि खाली जाड बॉटम. उलट्या बसवलेल्या शॉकअपला घरी हात लावू नका.

काही उघडण्याआधी

थंड टायरमधली हवा तपासा. चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त हवा असेल तर शॉकअप कितीही चांगला असो, गाडी दगडासारखीच लागणार. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. दोन्ही बॉटम खालून धरून पुढे-मागे ओढा. टक-टक जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, ढिला आहे. हँडल सावकाश वळवताना मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट बदलायचाच आहे. ते आधी करून घ्या, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

आता पाइपवर एक केबल टाय आवळा, पण सरकेल इतपतच. चाक हवेत असताना तो खाली डस्ट सीलला, म्हणजे बॉटमच्या तोंडावरच्या धूळ अडवणाऱ्या रबराला, टेकवा. चाक हळू जमिनीवर ठेवा आणि हेल्मेट, बॅग, जे रोज असतं त्या सगळ्यासकट गाडीवर बसा. मित्राने मागून गाडी सरळ धरावी, तुमचे पाय फुटरेस्टवर. ब्रेक न दाबता तसंच उतरा, चाक पुन्हा उचला आणि सीलपासून टायपर्यंतचं अंतर मोजा. शॉकअपची एकूण चाल १२० मिमी असेल तर हे अंतर साधारण ३० ते ४० मिमी हवं. आकडा वहीत लिहून ठेवा.

फुकटचा उपाय

पैसे न घालवता सर्वांत जास्त फरक इथे पडतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पंक्चर काढून चाक बसवताना घाईत चाकाच्या मधला दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल आवळला की दोन्ही बॉटम एकमेकांना समांतर राहत नाहीत. मग पाइप आत जाताना घासतो, छोटे खड्डे शॉकअप गिळतच नाही. गाडी जमिनीवर उभी करा. बॉटमच्या तळाशी अ‍ॅक्सलला चिमटणारा बोल्ट असेल तर तो ढिला करा. नसेल तर अ‍ॅक्सलचा नट अर्धा फेरा सैल करा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर वजन टाकून सहा-सात वेळा जोरात दाबा. बॉटम आपापली जागा घेतात. मग बोल्ट पुन्हा नीट आवळा. माझ्या गाडीत पहिल्याच वेळी पवई तलावाजवळच्या खडबडीत पट्ट्यावर फरक कळला.

तेल गळतंय? आधी सील साफ करा

पाइपवर तेलाची ओली रेघ दिसली की सील बदला, असं सांगितलं जातं. बऱ्याचदा सीलच्या ओठाखाली फक्त कचरा अडकलेला असतो. घरातली जुनी एक्स-रे फिल्म घ्या, बोटभर रुंद पट्टी कापा, टोकाला एका बाजूने लहानशी खाच पाडून आकडा करा. डस्ट सील हलक्या हाताने वर सरकवा. स्क्रूड्रायव्हरला टेप गुंडाळा, पाइपला ओरखडा पडता कामा नये. पट्टी पाइपला चिकटवून त्याखालच्या ऑइल सीलच्या आत सरकवा आणि गोल फिरवत बाहेर ओढा. काळी, चिकट माती निघेल. पट्टी पुसून दोन-तीनदा तेच करा.

पाइपवर गंजाचे ठिपके असतील तर मात्र नवीन सीलही टिकणार नाही, कारण ठिपक्याची कड सीलचा ओठ कापते. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या गोष्टीला फार पोषक आहे. म्हणून मे महिन्यात पाइपवर रबरी बूट, म्हणजे घड्यांचं आवरण, बसवा आणि दसऱ्याला गाडी धुऊन हार घालण्याआधी ते वर करून आत साचलेलं पाणी पुसा.

तेल बदलणे

हे काम पहिल्यांदा करत असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. पुढचं चाक हवेत, इंजिनखाली भक्कम आधार. आधी वरच्या टीचा, म्हणजे हँडलजवळ दोन्ही पाइप पकडणाऱ्या पट्टीचा, बोल्ट सैल करा, मग शॉकअप जागेवर असतानाच पाइपच्या तोंडावरच्या टोपीचा नट एक फेरा मोकळा करा. शॉकअप काढल्यावर तो पकडायला काहीच राहत नाही. कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटणारा ब्रेकचा भाग, काढून सुतळीने वर बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. पॅडच्या मध्ये पुठ्ठा सरकवा, चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येणार नाही. टीमधून पाइप किती वर आहे तिथे मार्करने खूण करा. मग चाक आणि मडगार्ड काढा, खालच्या टीचा बोल्ट सोडा आणि शॉकअप पिळत खाली ओढा.

टोपी उघडताना तळहाताने दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा, आतली स्प्रिंग ती जोरात उडवते. स्प्रिंगचं कुठलं टोक वर होतं त्याचा फोटो काढा. शॉकअप उलटा करून पंधरा-वीस वेळा चालवा आणि तसाच निथळत ठेवा. जुनं तेल करडं, पाण्यासारखं पातळ असतं, चिमटीत चोळलं तर बोटांवर बारीक धातूची चमक राहते, आणि वास सुक्या बोंबलासारखा येतो.

माझ्या गाडीत डाव्या-उजव्या तेलात जवळपास ६० मिलीचा फरक निघाला होता. आधीच्या सर्व्हिसिंगला एका गॅरेजमध्ये अंदाजाने ओतलं होतं. गाडी पावसात ब्रेक मारल्यावर एका बाजूला का दबते हे मला वर्षभर कळलं नव्हतं. म्हणून मोजल्याशिवाय एक थेंबही भरू नका. मॅन्युअलमधलं माप भरा, हवेचे बुडबुडे संपेपर्यंत हळू चालवा, मग स्प्रिंग बाहेर ठेवून शॉकअप पूर्ण दाबा आणि पाइपच्या तोंडापासून तेल किती खोल आहे ते पाहा. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणा, नळीवर हव्या त्या खोलीची खूण करा आणि जास्तीचं तेल ओढून घ्या. दोन्हीकडे पातळी तंतोतंत सारखी येते.

जाड तेलाचा मोह टाळा. १० डब्ल्यूच्या जागी १५ डब्ल्यू (आकडा मोठा म्हणजे तेल जाड) घातलं तर ब्रेकला गाडी कमी डुलते हे खरं. पण साध्या शॉकअपमध्ये तेल ठरावीक भोकांतूनच जातं, आणि पेव्हरच्या कडेसारख्या अचानक ठोक्याला जाड तेल त्यांतून वेळेत निघत नाही. झटका हातात येतो. एकाच कंपनीचं १० आणि १५ निम्मं-निम्मं मिसळून मी समाधानी आहे. शॉकअप तळाला आपटत असेल तर जाड तेलाऐवजी पातळी ५ मिमीने वाढवून बघा, १० मिमीच्या पुढे जाऊ नका. आतल्या हवेचा दाब वाढून सीलवर ताण येतो.

गाडी पुढून फार बसते?

टायचा आकडा ४० च्या बराच पुढे असेल तर स्प्रिंगच्या डोक्यावर पीव्हीसी पाइपचा १० मिमीचा तुकडा ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात जाड भिंतीचा घ्या, टोकं काटकोनात कापा, दोन्हीकडे लोखंडी वॉशर लावा. याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच राहते. कडक करायला स्प्रिंग कापणारे लोक आहेत. त्यांचं ऐकू नका, कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही.

जोडताना मार्करच्या खुणा जुळवा. अ‍ॅक्सलची वरची कसरत पुन्हा करा. गाडी बाहेर काढण्याआधी ब्रेकचा लिव्हर चार-पाच वेळा दाबून तो कडक लागतोय ना ते पाहा. जुनं तेल बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्या, गटारात नको. केबल टाय पाइपवर तसाच राहू द्या आणि आठवडाभराने तो कुठपर्यंत सरकलाय ते वहीतल्या पहिल्या आकड्याखाली लिहा.